जमिनीपासून एक फूट

“एकशे सत्तेचाळीस,” मी म्हटलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं.

लीलाबाईंनी तापलेल्या तेलात मोहरी टाकली. ती तडतडल्यावर जिरं, चिमूटभर हिंग, दोन सुक्या मिरच्या. धूर कढईतून सरळ वर चढला आणि भिंतीवर, मिक्सरच्या प्लगशेजारी लावलेल्या पांढऱ्या डबीला जाऊन भिडला. मी डबीकडे बघत होते, लीलाबाई माझ्याकडे. वीस सेकंद झाले, चाळीस झाले. डबीवरचा हिरवा दिवा हिरवाच राहिला.

“नाही बोंबलली,” लीलाबाई खोकत म्हणाल्या.

“नव्वद सेकंद होऊ द्या.”

“तोवर हिचा कोळसा होईल, मॅडम. एकशे सत्तेचाळीस फोडण्या दिल्या, एकदासुद्धा वरण नाही पडलं त्यात. माझी सासू असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.”

मी हसले नाही. सेकंद मोजताना मला बोलता येत नसे. नव्वद झाल्यावर वहीत एकशे सत्तेचाळीसपुढे ‘शांत’ असं लिहिलं आणि एक्झॉस्ट पंखा लावला.

ही खोली म्हणजे नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याची मागची शेड. तिथे कडप्प्याचा ओटा, दोन शेगड्या, मसाल्याचा डबा, सगळा संसार मांडला होता. आम्ही घरगुती गॅसची गळती ओळखणारं यंत्र बनवायचो. त्याचं नाव ‘जागर’. गॅस गळला की ते किंचाळायचं, आणि किंचाळायचं इतकं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं.

पहिल्या वर्षी जागर खूप खपला. दुसऱ्या वर्षी तेवढेच परत आले. कारण फोडणी. आतल्या सेन्सरला गॅस आणि तेला-हिंगाचा धूर यांतला फरक नीट कळत नव्हता. लोकांची पत्रं माझ्या टेबलावर यायची. धुळ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘आमचे शेजारी आता रोज सकाळी विचारतात, आज कशाची भाजी.’ इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी यंत्र गच्चीत नेऊन ठेवलं होतं आणि तिथे ते उत्तम चालतं असं कळवलं होतं.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली, वय अठ्ठावीस, चाचणी विभागाची प्रमुख. विभागात मी आणि लीलाबाई. लीलाबाई गांगुर्डे मुळात असेंब्लीच्या टेबलावर होत्या. सोल्डरिंगला त्यांच्यासारखा हात कारखान्यात दुसरा नव्हता. त्यांनी लावलेला टाका भिंगाखाली बघितला तर थेंबासारखा दिसायचा, एकही खडबडीत नाही. मालक रायरीकर साहेबांनी त्यांना दोन महिन्यांसाठी माझ्याकडे दिलं, कारण मला एकाच मापाची फोडणी एकाच हाताने दोनशे वेळा द्यायची होती आणि माझ्या स्वतःच्या फोडण्या एकसारख्या होत नव्हत्या.

चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट घडली. वही आणायला मी ऑफिसात गेले होते. परत आले तर दारातच गॅसचा भपकारा आला. पंख्याच्या वाऱ्याने बारीक केलेली शेगडी विझली होती, बटण उघडंच होतं, आणि लीलाबाई तिथेच उभ्या राहून शांतपणे ओटा पुसत होत्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

“लीलाबाई, वास आला नाही तुम्हाला?”

“कशाचा?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी फडकं पिळून वाळत घातलं आणि मग म्हणाल्या, “मला वास येत नाही, मॅडम. ज्योत्स्ना झाली त्या साली टायफॉइड झाला होता, तेव्हापासून. मिरचीचा ठसका लागतो, पण वास काही नाही. फुलाचा नाही, घाणीचा नाही. कुणाला सांगू नका. मला इथून परत टेबलावर पाठवतील. इथं बरंय, उभ्यानं काम आहे, पाठ दुखत नाही.”

“घरी काय करता?”

“ज्योत्स्ना हुंगते. शाळेत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा.”

ज्योत्स्ना त्यांची मुलगी, नववीत होती. घरात त्या दोघीच.

त्या रविवारी मी परत आलेल्या मालातला एक जुना जागर पिशवीत घालून श्रमिकनगरात त्यांच्या घरी गेले. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, ओट्याखाली सिलिंडर. प्लग ओट्याच्या वर, जसा सगळ्यांच्या घरी असतो. मी बरोबर चार मीटर वायर आणली होती. फूटपट्टी भिंतीला लावून जमिनीपासून बारा इंचांवर पेन्सिलने फुली मारली.

“इतक्या खाली?” लीलाबाईंनी विचारलं. “मांजर चाटेल त्याला.”

“चाटू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, खाली उतरतो. आधी जमिनीवर साठतो, मग हळूहळू वर चढतो.”

“म्हणजे मोरीत पाणी तुंबतं तसं?”

“अगदी तसं.”

“मग वर लावणारे येडे म्हणायचे. गुडघ्यापर्यंत पाणी आलंय की नाही ते डोक्यावरच्या मशीनला काय कळणार?”

इतकं सोपं मला माझ्या अहवालात कधी लिहिता आलं नव्हतं. फुलीवर स्क्रू बसवून मी यंत्र लावलं. लायटरमधला गॅस जमिनीजवळ सोडला, तसं ते किंचाळलं. शेजारचे दोघे धावत आले. लीलाबाईंनी ज्योत्स्नाच्या डोक्यावर टपली मारली.

“आता तू सुटलीस गं. नाक तुझं तुला.”

सोमवारी मी रायरीकर साहेबांपुढे दोन पानांची टिपणी ठेवली. फोडणीचा धूर वर जातो, गॅस खाली उतरतो, म्हणजे यंत्र खाली लावलं तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. सेन्सर बदलायला नको. फक्त वायर लांब द्यायची आणि माहितीपत्रकावर ठळक छापायचं, जमिनीपासून एक फूट.

साहेब वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या दोन कंपन्यांनी बाईमाणूस म्हणून मला चाचणी विभागात घ्यायला नकार दिला होता, यांनी पाच मिनिटांत घेतलं होतं. जागर हे त्यांचं स्वतःचं डिझाइन. त्यांनी टिपणी पूर्ण वाचली, चष्मा काढला.

“खांबेटे, शास्त्र बरोबर आहे. पण तुम्ही कधी फरशी धुतलीय?”

“रोज धुते.”

“मग एक फुटावर विजेचं यंत्र कोण लावून घेईल? पाणी उडतं, झाडू लागतो, रांगतं मूल ओढतं. आणि डीलर काय म्हणतात माहितीय? खाली लावलं तर पाहुण्याला दिसत नाही. माणसानं नवी वस्तू घेतली की ती दिसायला हवी. आपल्याकडे लोक फ्रिज हॉलमध्ये ठेवतात, खांबेटे.”

“पण सर, वर लावून उपयोग...”

“फोडणीला गप्प बसवा. बाकी मी बघतो.”

मी त्यानंतर दोनदा विषय काढला. तिसऱ्या वेळी मीटिंगमध्ये विक्रीचे देशमुख दारातून मला बघून म्हणाले, “आल्या, एक फूट मॅडम आल्या,” आणि सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, पण प्रेमाने. मी चौथ्यांदा विषय काढला नाही.

फोडणीला गप्प बसवणं अवघड नव्हतं. एक रेझिस्टर बदलून यंत्राची संवेदनशीलता कमी केली आणि नव्वद सेकंदांचा थांबा घातला. धूर तेवढा वेळ टिकत नाही, गॅस टिकतो. दोनशे फोडण्यांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव शांत गेल्या. गळतीची चाचणी नियमाप्रमाणे सहा वेळा घ्यायची होती. त्यासाठी आमच्याकडे काचेची पेटी होती, फूटभर लांब, फूटभर उंच. यंत्र आत ठेवायचं, मोजून गॅस सोडायचा. सहाच्या सहा वेळा वाजलं. मी प्रमाणपत्रावर सही केली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. फक्त फूटभर पेटीत वर आणि खाली असं काही नसतं, ते त्यात लिहायला जागा नव्हती.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. सोल्डरिंगच्या टेबलांना झेंडूच्या माळा घातल्या, माझ्या काचेच्या पेटीलाही एक घातली. पूजेनंतर साहेबांनी जाहीर केलं की नव्या जागरचा पहिला नग लीलाबाईंना बक्षीस, कारण दोनशे फोडण्या देऊन त्यांनी तो गप्प बसायला शिकवला. टाळ्या झाल्या. लीलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“आणि जुना परत द्या बरं का,” साहेब म्हणाले. “आपलाच जुना माल आपल्याच बाईच्या घरी, बरं दिसत नाही.”

दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. साहेब, मी, फिटिंगवाला आणि एक फोटोग्राफर, कारण खोक्यावर छापायला खऱ्या घरातली खरी बाई हवी होती. लीलाबाईंनी दारात रांगोळी घातली होती. नवी हिरवी साडी. ज्योत्स्नाने सगळ्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. फिटिंगवाल्याने खालचा जुना जागर काढला. पेन्सिलची फुली आणि स्क्रूची दोन भोकं उघडी पडली.

“इथंच लावू का?” त्याने विचारलं.

फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत होता. “खाली लावला तर फोटोत काय येणार? सिलिंडर आणि बाईंचे पाय. वर घ्या, बाईंच्या चेहऱ्याशेजारी.”

“वर घे,” साहेब म्हणाले.

फिटिंगवाला स्टुलावर चढला. तेव्हा लीलाबाई माझ्याकडे वळल्या.

“मॅडम, वर चालेल ना? तुम्ही तर खाली खूण केली होती.”

खोलीत सगळे होते. साहेब माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. ‘आज नको’ अशा नजरेने. मला मीटिंगमधलं हसू आठवलं. मला असंही वाटलं की फोटो झाला की आपण एखाद्या रविवारी येऊ, लांब वायर आणू आणि गुपचूप खाली लावून देऊ. त्यासाठी आत्ता सणाच्या दिवशी वाद कशाला?

“चालेल,” मी म्हटलं.

एवढाच शब्द.

“मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं,” लीलाबाई म्हणाल्या आणि हातात कालथा घेऊन डबीशेजारी उभ्या राहिल्या. फोटो छान आला.

पुढच्या रविवारी दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी मी पुण्याला बहिणीकडे गेले. मग थंडी पडली. त्यासाठी आणलेली चार मीटर वायर माझ्या पिशवीत होती. नंतर पिशवी बदलली, तेव्हा ती मी खणात ठेवली.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मंगळवारी सकाळी साडेनऊला ऑफिसात फोन आला. लीलाबाईंनी ज्योत्स्ना शाळेत गेल्यावर नवा सिलिंडर जोडला होता. रबरी नळी नीट बसली नाही. मांजर शिरतं म्हणून दार लावून घेतलं आणि त्या मागे नळावर कपडे धुवायला गेल्या. पाऊण तासाने परत आल्या. डब्यासाठी चटणी वाटायची होती. वर एकच प्लग. त्यांनी जागरची पिन काढली, मिक्सरची लावली आणि बटण दाबलं.

जीव वाचला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, आणि पाय.

बुधवारी पोलीस दवाखान्यात येऊन लीलाबाईंचा जबाब घेऊन गेले. गुरुवारी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. रात्री दवाखान्यातच थांबले होते ते, खर्चाचं सगळं त्यांनीच बघितलं होतं. हे मला आजही नमूद करावंसं वाटतं.

“पिन काढलेली होती,” ते म्हणाले. “जबाबात आहे.”

“बटण दाबलं तेव्हा काढलेली होती. त्याआधी पाऊण तास लावलेली होती, सर. पाऊण तास गॅस साठत होता आणि ते वाजलं नाही.”

“बाई बाहेर होत्या. वाजून गेलं असेल.”

“वाजून जात नाही ते. गॅस असेपर्यंत वाजत राहतं. तुम्हीच तसं केलंय.”

मी बाहेर आले. रिसेप्शनमध्ये सहा फूट उंच काचेचं शोकेस होतं, बक्षिसांच्या ढाली ठेवायला. मी ढाली काढून सोफ्यावर ठेवल्या, आतल्या फळ्या काढल्या. सगळ्या फटींना चिकटपट्टी लावली. मुख्य स्विच बंद करून दोन नवे जागर बॅटरीवर जोडले, एक तळापासून एक फुटावर, एक पाच फुटांवर. लायटरमध्ये भरायच्या नळकांडीतून तळाशी मोजून गॅस सोडला. सफाईची शोभा फरशी पुसता पुसता थांबली.

“काय करताय मॅडम?”

“बघतेय.”

खालचा दोन मिनिटं दहा सेकंदांनी वाजला. मी तो बंद केला. वरचा पाच मिनिटांनी वाजला नाही, दहा मिनिटांनी वाजला नाही. पंधराव्या मिनिटाला मी थांबले. वरचा हिरवा दिवा काचेतून शांतपणे दिसत होता.

साहेब माझ्या मागे येऊन कधी उभे राहिले होते ते मला कळलं नाही.

“बघितलंत?” मी विचारलं.

“बघितलं.” मग ते म्हणाले, “प्रमाणपत्रावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

“आणि त्या दिवशी त्यांनी कुणाला विचारलं होतं?”

मी शोकेसच्या फटीवरची चिकटपट्टी सोलायला लागले.

“मी तुम्हाला धमकी देत नाहीये, खांबेटे. मी आपल्या दोघांचं बोलतोय. चाळीस माणसं आहेत या छपराखाली. पिन काढलेली होती हे खरं आहे की खोटं?”

“खरं आहे.”

“मग तेवढंच लिहा.”

मी तेवढंच लिहिलं. ‘अपघातसमयी उपकरणाची पिन काढलेली होती. उपकरण तपासले असता सुस्थितीत आढळले.’ खाली सही आणि तारीख. ढाली परत शोकेसमध्ये लावल्या.

सोमवारी मी सिव्हिल हॉस्पिटलला गेले. भाजलेल्यांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. लीलाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, पुढे धरलेले, जणू कुणाकडून काही घ्यायला. वॉर्डमध्ये जो वास होता तो मला सोसवत नव्हता. त्यांना तो येत नव्हता.

“बसा, मॅडम.”

मी स्टुलावर बसले. मी मोसंबी नेली होती.

“पिन मी काढली,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे सरळ बघत होत्या. “नसती काढली तर वाजलं असतं. हो ना?”

समोरच्या खाटेवरची बाई कण्हत होती. नर्सने येऊन तिचा पंखा वाढवला.

मी मोसंबं घेतलं आणि सोलायला लागले. फोडी सुट्या केल्या, एकेका फोडीवरचा पापुद्रा काढला, बिया काढून कागदावर ठेवल्या. फोड त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी खाल्ली. मी दुसरी सोलली.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांचे हात बरे झाले, पण बोटं नीट वळायची नाहीत. सोल्डरिंग संपलं. साहेबांनी त्यांना काढलं नाही. उन्हाळ्यात देशमुखांनी नवीनच कल्पना काढली. महिला मंडळांमध्ये जागरची माहिती द्यायची, आणि ती लीलाबाईंनी द्यायची. एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. ‘मी एकदाच पिन काढली, माझ्या हातांकडे बघा.’ बायका हातांकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि यंत्र घ्यायच्या. तांत्रिक शंका निघाल्या तर उत्तर द्यायला बरोबर मी. माहितीपत्रकात आता ठळक अक्षरांत नवी ओळ होती, ‘पिन कधीही काढू नये.’ उंचीबद्दल ‘सोयीच्या ठिकाणी’ एवढंच. बायकाही विचारत नसत. खोक्यावर चित्र होतंच. हिरव्या साडीतल्या लीलाबाई, हातात कालथा, शेजारी डबी, त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

आम्ही सिन्नर, निफाड, ओझर करत फिरत होतो. प्रत्येक ठिकाणी मी मागच्या खुर्चीवर बसायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं की परतीच्या वाटेवर आपण सांगू. परतीच्या वाटेवर लीलाबाई डोळे मिटून बसायच्या.

सप्टेंबरमध्ये ओझरला कार्यक्रम होता. तीस-पस्तीस बायका, सतरंजीवर. लीलाबाईंनी वाक्य म्हटलं, हात दाखवले. एरवीसारखी कुजबुज झाली. मग पुढे बसलेली एक तरणी बाई, कडेवर मूल, म्हणाली, “मावशी, पण लावायचं कुठं? वर का खाली?”

मी खुर्चीवरून उठणार होते. लीलाबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

“खाली,” त्या म्हणाल्या. “जमिनीपासून एक फूट. पट्टी घेऊन मोजायचं. गॅस पाण्यासारखा खाली साठतो, वरच्या मशीनला मेल्यावर कळेल.”

“मग हे काय?” त्या बाईने खोकं उचललं. “यात तर वर दाखवलंय. फोटो तुमचाच ना हा?”

“माझाच.”

“मग तुमचं वर कसं होतं?”

“माझं?” लीलाबाईंनी खोक्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघितलं. “माझं फोटोसाठी वर होतं.”

बायका हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. द्राक्षांच्या बागा मागे पडत होत्या.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“शोकेसमध्ये मशीन लावून बघितलंत ना तुम्ही, तेव्हा शोभा तिथंच फरशी पुसत होती. शनिवारी दवाखान्यात येऊन सांगून गेली.”

शनिवारी. मी सोमवारी गेले होते.

“तुम्ही आलात,” लीलाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “तेव्हा मी मुद्दाम बोलले, पिन मी काढली म्हणून. म्हटलं, आता तरी मॅडम सांगतील. माणसाचं चुकतं. तुम्ही म्हणाला असता चुकलं, तर मी काय करणार होते? हात थोडेच परत येणार होते?”

रिक्षा खड्ड्यातून गेली. तोल सावरायला त्यांना दांडी धरता येत नव्हती. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो काढला नाही आणि त्याकडे बघितलंही नाही.

“मी वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मोसंब्याच्या बिया काढत बसलात.”